नवा टेप ड्राइव्ह घेण्याआधी: युनिक्स सर्व्हरवरचा बॅकअप वेगात कसा आणायचा

टेपवरचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही म्हटलं, की आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात पहिला सल्ला ठरलेला असतो: ड्राइव्ह जुना झाला, नवा घ्या. नवा येतो, पैसे जातात आणि बॅकअप होता तेवढाच वेळ घेतो. कधीकधी जास्तच घेतो. टेप ड्राइव्ह स्वतः क्वचितच मंद असतो, बहुतेक वेळा तो उपाशी असतो. त्याला डेटा पुरवणारी डिस्क, टार (फायली एकत्र बांधणारा युनिक्सचा प्रोग्राम), नेटवर्क किंवा केबल यांपैकी कुठेतरी अडलेलं असतं. नव्या पिढीच्या ड्राइव्हची भूक मोठी असते, म्हणून तोच अपुरा पुरवठा त्याला जास्त जाचतो.

उपाशी ड्राइव्हचं काय होतं ते आधी बघू. टेप ठरावीक वेगाने हेडखालून, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाखालून, सरकत असते. डेटा येणं थांबलं की ड्राइव्हला टेप थांबवावी लागते, पण ती जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे जाते. मग ती मागे ओढायची, पुन्हा वेग घ्यायचा आणि बरोबर आधीच्या शेवटाला लिहिणं जोडायचं. यात दर वेळी काही सेकंद जातात. साखर कारखान्यात गव्हाणीत ऊस सलग पडला नाही तर मिल नुसती रिकामी फिरते. इथे फिरण्याऐवजी प्रत्येक खंडाला मागे जाऊन पुन्हा पुढे यावं लागतं. कानाने ओळखता येतं. एकसुरी घुंई असा आवाज असेल तर ठीक, थांबत-थांबत कुरकुर येत असेल तर ड्राइव्ह घासाघीस करतोय, म्हणजे टेप अशी पुढे-मागे ओढतोय. त्यात वेळ जातो, शिवाय टेप आणि हेड दोन्ही झिजतात.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत. टंकताना ते नेहमीच्या रोमन अक्षरांतच टंकायचे. मोठं-लहान अक्षर जिथे महत्त्वाचं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी कागदावर गणित

तुमच्या ड्राइव्हची पिढी बघा. एलटीओ या प्रकारच्या टेपवर कॉम्प्रेशन (डेटा दाबणं) न धरता मिळणारा वेग असा आहे: चौथ्या पिढीला सेकंदाला १२० एमबी, पाचवीला १४०, सहावीला १६०, सातवीला ३००, आठवीला ३६०, नववीला ४००. शेवटच्या तीन पिढ्यांचे अर्ध्या उंचीचे ड्राइव्ह ३०० च्या आसपास चालतात. पुरवठा कमी पडला तर ड्राइव्ह स्वतःचा वेग उतरवतो, पण त्याला खालची मर्यादा आहे. ती ढोबळमानाने कमाल वेगाच्या एक तृतीयांशाजवळ असते. त्याखाली गेलात की घासाघीस सुरू.

समजा एखाद्या कारखान्याची ऊसबिलं, काट्याच्या पावत्या आणि कार्यालयाच्या फायली मिळून १.२ टीबी डेटा आहे, ड्राइव्ह पाचव्या पिढीचा आहे आणि बॅकअपला ११ तास लागतात. म्हणजे सेकंदाला साधारण ३० एमबी. ड्राइव्ह पूर्ण वेगाने चालला असता तर हेच काम २ तास २३ मिनिटांत झालं असतं. ३० हा आकडा त्या ड्राइव्हच्या खालच्या मर्यादेच्याही खाली आहे, म्हणजे तो रात्रभर पुढे-मागे करत बसलेला असतो. हा एक भागाकार केल्याशिवाय पुढच्या कशालाही हात लावू नका.

जुन्या एचपी-यूएक्स किंवा एससीओ सर्व्हरला अजून डॅट ड्राइव्ह, म्हणजे जुन्या लहान टेपचा ड्राइव्ह, लावलेला असेल तर गोष्ट वेगळी. डॅट-७२ ची ३६ जीबीची टेप सेकंदाला सुमारे ३ एमबी वेगाने भरते. पूर्ण भरायला ३ तास २० मिनिटं. तिथे सुधारायला फारसं काही नाही. तो डेटा रात्री दुसऱ्या सर्व्हरच्या डिस्कवर ओढा आणि तिथून मोठ्या टेपवर घ्या.

तीन मोजमापं, वेगवेगळी

पहिलं मोजमाप फक्त ड्राइव्हचं. यासाठी कोरी किंवा टाकाऊ टेप लावा. ही चाचणी टेपवरचं सगळं पुसते, म्हणून कालच्या बॅकअपची टेप आत नाही याची दोनदा खात्री करा. शून्यांचा प्रवाह टेपवर लिहून वेग मोजायची सवय बऱ्याच जणांना आहे. तो आकडा फसवा असतो, कारण ड्राइव्हचं कॉम्प्रेशन शून्यं जवळजवळ नाहीशी करून टाकतं. त्याऐवजी यूरँडममधून, म्हणजे विस्कळीत, न दाबला जाणारा डेटा देणाऱ्या उपकरणातून, आठ-दहा जीबीची फाइल मेमरीतल्या डिस्कवर, म्हणजे लिनक्सवर डेव्ह-एसएचएममध्ये, आधी तयार करा. मग ती डीडी या नक्कल करणाऱ्या आज्ञेने, बीएस (ब्लॉकचा आकार) १ एम ठेवून, टेपवर लिहा. फाइल लहान ठेवू नका. ड्राइव्हच्या स्वतःच्या पोटात शेकडो एमबींचा बफर असतो आणि छोटी फाइल टेपला स्पर्श करण्याआधीच 'लिहून झाली' असं दिसतं. डीडीच्या आधी टाइम लावा आणि टाइमने दिलेल्या वेळेवरून वेग काढा, म्हणजे शेवटचा बफर टेपवर उतरायला लागलेला वेळही धरला जातो. उपकरण न-गुंडाळणारं वापरा: लिनक्सवर एनएसटी०, फ्रीबीएसडीवर एनएसए०, सोलॅरिसवर आरएमटीखालचं शेवटी एन असलेलं नाव, एआयएक्सवर आरएमटी० बिंदू १. नाहीतर टेप गुंडाळायचा वेळ तुमच्या आकड्यात मिसळेल.

दुसरं मोजमाप डिस्कचं. रोज ज्या फोल्डरचा बॅकअप घेता त्याचं टार करा, पण टेपवर न पाठवता फेकून द्या. इथे एक खाचखळगा आहे. जीएनयू टारला थेट डेव्ह-नल (आलेलं सगळं फेकून देणारं उपकरण) दिलं तर त्याच्या ते लक्षात येतं आणि ते फायली वाचतच नाही. दोन मिनिटांत टार पूर्ण झालं म्हणून माणूस खूश होतो. टारचं आउटपुट पाइपमधून कॅटला द्या आणि कॅटने डेव्ह-नलमध्ये टाकू दे, म्हणजे खरा आकडा मिळेल. मध्ये पीव्ही असेल तर चालू वेग समोर दिसतो. दुसऱ्यांदा मोजताना फायली मेमरीतून वाचल्या जातात, तेव्हा पहिलाच आकडा धरा किंवा मेमरीपेक्षा मोठा फोल्डर घ्या.

तिसरं मोजमाप नेटवर्कचं, बॅकअप दुसऱ्या मशीनवरून येत असेल तरच. आयपर्फ३ दोन्ही टोकांना चालवा.

तिघांत जो आकडा सर्वांत लहान, तिथेच काम करायचं. बाकी दोन्हीकडे कितीही डोकं लावलं तरी फरक पडणार नाही.

ब्लॉकचा आकार

हा सर्वांत स्वस्त उपाय, पाच मिनिटांचा. टार मुळात २० चा ब्लॉकिंग फॅक्टर धरतं. एक एकक ५१२ बाइटचं, म्हणजे एका खेपेला १० केबी. हे मोजमाप फार जुन्या टेपच्या काळातलं. आजच्या ड्राइव्हला दर १० केबीमागे एक स्वतंत्र आज्ञा म्हणजे नुसती दगदग. टारच्या लहान बी या पर्यायापुढे ५१२ दिलं की ब्लॉक २५६ केबीचा होतो, २०४८ दिलं की १ एमबीचा. मी २५६ केबीपासून सुरुवात करतो, मोजतो आणि मग १ एमबी करून बघतो. त्यापुढे फायदा सहसा नगण्य असतो आणि ड्राइव्ह जोडायची काही कार्डं मोठा ब्लॉक नाकारतात.

त्याआधी ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकच्या पद्धतीत आहे का ते पाहा. लिनक्सवर एमटी या टेप हाताळणाऱ्या आज्ञेला सेटबीएलके ० द्या. एआयएक्सवर सीएचडेव्हने आरएमटी० चा ब्लॉक-साइझ ० करा. ड्राइव्ह ५१२ किंवा १०२४ बाइटच्या ठरावीक ब्लॉकवर अडकलेला असेल तर टारला काहीही सांगितलं तरी टेपवर तुकडेच पडतात.

बाकुला किंवा अमांडा हे तयार बॅकअप प्रोग्राम वापरत असाल तर बाकुलाचा मूळ ब्लॉक ६४,५१२ बाइटचा असतो, अमांडाचा ३२ केबीचा. दोन्ही वाढवता येतात. पण बाकुलात जुन्या टेप जुन्याच आकाराच्या आहेत हे विसरू नका. नवा आकार नव्या टेपच्या संचापासून सुरू करा.

ब्लॉकइतकंच फाइल-मार्ककडेही लक्ष द्या. प्रत्येक शाखेचं, प्रत्येक विभागाचं छोटं टार वेगळं टेपवर घातलं की प्रत्येकाच्या शेवटी खूण लिहिली जाते आणि ती लिहिताना ड्राइव्ह आपला बफर रिकामा करून थांबतो. पतसंस्थांच्या स्क्रिप्टमध्ये हे हमखास दिसतं: तीस शाखा, तीस टार, तीस थांबे. एकच मोठं टार करा. बाकुलातही मॅक्सिमम फाइल साइझ काही जीबींनी वाढवा.

डिस्क आणि टेपच्या मध्ये बफर

टार एका वेळी वाचतं किंवा लिहितं, दोन्ही एकदम करत नाही. म्हणून डिस्क एक क्षण अडकली की टेपही अडकते. एमबफर हा लहानसा प्रोग्राम मध्ये घातला की हा संबंध तुटतो. टारचं आउटपुट पाइपने एमबफरला द्या. लहान एमपुढे मेमरी, म्हणजे ४ जी. लहान एसपुढे ब्लॉकचा आकार, म्हणजे १ एम. मोठ्या पीपुढे ९०. आणि लहान ओपुढे टेपचं उपकरण. मोठा पी महत्त्वाचा आहे. बफर ९० टक्के भरल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही, असं त्यातून सांगता येतं.

आकड्यांत बघा. पाचव्या पिढीचा ड्राइव्ह, डिस्क सेकंदाला फक्त २५ एमबी देते. बफर नसताना ड्राइव्ह दर काही सेकंदांनी थांबतो. ४ जीबी बफर घातला की ९० टक्के भरायला १४४ सेकंद लागतात, मग ड्राइव्ह १४० च्या वेगाने ओढतो आणि सुमारे ३१ सेकंदांत तो रिकामा करतो. म्हणजे जवळजवळ तीन मिनिटांत एकच थांबा. टेप वाचली, हेड वाचलं. पण सरासरी वेग २५ च्या वर गेला का? नाही, तो डिस्कचाच राहणार. बफरने सगळं सुटेल असं समजणाऱ्यांची इथे निराशा होते. रोजच्या फिरत्या डेटावर मात्र, जिथे काही फायली झपकन वाचल्या जातात आणि काही रेंगाळतात, तिथे बफरने खरा वेळही वाचतो.

ही मेमरी डेटाबेसच्या वाट्याची तर नाही ना, तेवढं बघा. सर्व्हर स्वॅपमध्ये गेला तर बफर उलटा अंगावर येतो. आणि डिस्क आधी कुणाला मिळावी हे ठरवणाऱ्या आयोनाइसने बॅकअपला सर्वांत खालचा दर्जा देऊ नका. रात्री दिवसअखेरीचं काम चालू असताना तसा बॅकअप सतत उपाशी राहतो. त्याची वेळ बदलणं बरं.

कॉम्प्रेशन कुणी करायचं?

ड्राइव्हला करू द्या. एलटीओचं कॉम्प्रेशन हार्डवेअरमध्ये होतं, त्याने सर्व्हरचा वेळ जात नाही. स्क्रिप्टमध्ये टारला लहान झेड देऊन जीझिप लावलेलं असेल तर तेच तुमचं अडलेलं ठिकाण असण्याची दाट शक्यता आहे. जीझिप एकाच कोअरवर चालतं आणि जुन्या सर्व्हरवर सेकंदाला वीस-तीस एमबीच्या पुढे सहज जात नाही. काढून टाका. सॉफ्टवेअरनेच दाबायचं असेल, उदाहरणार्थ नेटवर्क अरुंद आहे म्हणून, तर सगळे कोअर वापरणारं पिगझ किंवा झेडएसटीडी घ्या.

पण याची दुसरी बाजूही आहे. पावत्या, खतावण्या, मजकुराचा डेटाबेस असा डेटा दोनास एक दाबला गेला, तर पाचव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला १४० नव्हे, २८० एमबी मागतो. म्हणजे दाबला जाणारा डेटा पुरवणं जास्त अवघड. उलट सातबाऱ्यांचे आणि कागदपत्रांचे स्कॅन, फोटो, पीडीएफ आधीच दाबलेले असतात. त्यांच्यापासून जास्तीची भूकही नाही आणि जागेची बचतही नाही. खोक्यावर छापलेली क्षमता पाचव्या पिढीपर्यंत दुप्पट आणि सहाव्यापासून अडीचपट धरून लिहिलेली असते. तिच्यावर हिशेब करू नका.

बॅकअप सांकेतिक करायचा असेल तर तेही ड्राइव्हकडे द्या. चौथ्या पिढीपासून एलटीओत एईएस-२५६ आहे. आधी सॉफ्टवेअरने सांकेतिक केलेला डेटा ड्राइव्हला दाबताच येत नाही.

लहान फायली: खरं दुखणं इथे

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. साध्या ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला सेकंदाला शंभरेक ठिकाणी उडी मारता येते. एका लहान फाइलसाठी निदान दोन उड्या, एक इनोडला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलच्या नोंदीला, आणि एक डेटाला. म्हणजे सेकंदाला ५० फायली. प्रत्येक फाइल ४० केबीची धरली तर वेग किती? सेकंदाला २ एमबी. काट्याच्या पावत्यांचे २० लाख स्कॅन असतील तर डेटा होतो अवघा ८० जीबी, पण वाचायला ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तास लागतात. हा वाईटात वाईट हिशेब आहे, तरी गळीत हंगाम संपता संपता असे फोल्डर खरोखर याच्या जवळ जातात. इथे टेप, ब्लॉक, बफर यांपैकी कशाचाच उपयोग नाही.

उपाय तीन प्रकारचे. सोपा आधी: जीएनयू टारला सॉर्टसाठी इनोड हा पर्याय द्या, म्हणजे ते फायली डिस्कवरच्या क्रमाच्या जवळपास वाचतं. एका शब्दाचा बदल, फिरत्या डिस्कवर चांगला फरक. दुसरा, फाइल-फाइल न वाचता फाइल-सिस्टिम वाचणारं साधन घ्या: एक्सएफएसवर एक्सएफएसडंप, झेडएफएसवर स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) काढून सेंड, जुन्या युनिक्सवर डंप किंवा यूएफएसडंप. चालू फाइल-सिस्टिमवर डंप मारू नका, स्नॅपशॉटवर मारा.

तिसरा, आणि माझ्या मते कायमचा: आधी दुसऱ्या डिस्कवर टार तयार करा, मग ते मोठं टार टेपवर न्या. टार तीन-चार समांतर चालवा, प्रत्येकाला वेगळं फोल्डर. ही पायरी दिवसभर सावकाश चालली तरी हरकत नाही, टेप मोकळीच असते. रात्री टेपवर जातो तो एकसंध प्रवाह. अमांडाची होल्डिंग डिस्क आणि बाकुलाचं स्पूलिंग याच कल्पनेवर आहेत. एक पथ्य पाळा: मधल्या डिस्कवर एकाच वेळी लिहिणं आणि तिथून टेपसाठी वाचणं, दोन्ही नको. फिरती डिस्क असेल तर तिचाच वेग कोसळतो. परवडत असेल तर मधली डिस्क एसएसडी घ्या. नव्या टेप ड्राइव्हपेक्षा तो खर्च कितीतरी सार्थकी लागतो.

रोजचा फक्त बदललेल्या फायलींचा बॅकअपही थेट टेपवर घेऊ नका. हजारो फायली तपासायच्या आणि त्यातली एखादीच लिहायची. ड्राइव्ह तोवर वाट बघतो.

इथे वेगाशी थेट संबंध नसलेली पण सीमाभागात हमखास भेटणारी एक अडचण सांगून टाकतो. आपल्याकडे फायलींची नावं मराठीत असतात, तशी कन्नडातही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी धरून. जुन्या टारच्या नावाची मर्यादा १०० बाइटची, म्हणजे ३३ चिन्हं. 'खानापूर तालुका सन...' अशी सुरुवात केली की नाव संपायच्या आत मर्यादा संपते. टारला फॉरमॅट म्हणून पॅक्स द्या.

नेटवर्क, केबल, कार्ड

गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. पाचव्या पिढीलाही ते पूर्ण पुरत नाही, सातव्याचा तर प्रश्नच नाही. मध्ये एखादा जुना १०० मेगाबिटचा स्विच राहिला असेल तर वेग ११-१२ एमबी. हे हास्यास्पद वाटेल, पण कपाटामागे असा स्विच सापडतोच. एथटूलने दोन्ही टोकांचा वेग आणि डुप्लेक्स पाहा. एसएसएचमधून डेटा येत असेल तर एका कोअरचा वापर शंभर टक्क्यांना टेकलाय का ते टॉपमध्ये बघा. टेकला असेल तर एईएस-जीसीएम सायफर निवडा.

ड्राइव्ह आणि डिस्क एकाच एससीएसआय (डिस्क-टेप सर्व्हरला जोडायची पद्धत) कार्डावर नकोत. जुन्या समांतर एससीएसआयवर आणखी एक छुपा चोर आहे: एलव्हीडी (नव्या, वेगवान जोडणीच्या) बसवर एक जरी सिंगल-एंडेड (जुन्या, मंद जोडणीचं) उपकरण जोडलं, मग तो जुना सीडी ड्राइव्ह का असेना, तर अख्खी बस खाली उतरते, जास्तीत जास्त ४० एमबीपर्यंत.

धूळ आणि पावसाळा

निपाणीच्या तंबाखूची पूड, उद्यमबागेतल्या फाउंड्रीची काळी बारीक धूळ आणि जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडचा दमट गारवा. टेप ड्राइव्हला यांपैकी काहीच मानवत नाही. एलटीओ लिहिता लिहिता लगेच वाचून बघतो आणि चुकलेला भाग पुन्हा लिहितो. हेड मळलं की हे पुन्हा-पुन्हा लिहिणं वाढतं; चूक कुठे दिसत नाही, फक्त वेग हळूहळू उतरतो. टेपइन्फो चालवून टेपअलर्टच्या, म्हणजे ड्राइव्हने स्वतः नोंदवलेल्या, सूचना बघा. ड्राइव्हने मागितल्यावर क्लिनिंग टेप लावा, रोज लावू नका, कारण तीही हेड घासते. ड्राइव्हला साधारण २० ते ८० टक्के आर्द्रता चालते, पाणी धरलेलं मात्र अजिबात नाही. दुसऱ्या शाखेतून दमट हवेत प्रवास करून आलेली टेप एक दिवस सर्व्हरच्या खोलीत ठेवून मग लावा.

नवव्या पिढीची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची जुळवणी करतो. त्याला सरासरी ४० मिनिटं, कधी दोन तासही लागतात. अडकली म्हणून बटण दाबून बाहेर काढू नका. नव्या टेप दिवसा एकेक करून तयार करून ठेवा. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तिथे ड्राइव्ह, सर्व्हर आणि मधली डिस्क एकाच यूपीएसवर हवीत; ड्राइव्ह तेवढा सोडला तर अर्धवट टेप पुन्हा पहिल्यापासून.

परत वाचताना

मोठा ब्लॉक वापरायला लागलात की प्रत्येक टेपच्या चिठ्ठीवर तारखेशेजारी ब्लॉकचा आकारही लिहा. लिनक्सवर टेपवरचा ब्लॉक मोठा आणि वाचणाऱ्याने दिलेली जागा लहान असेल तर 'मेमरी देता येत नाही' अशा अर्थाची चूक येते आणि लोक टेप खराब समजून फेकतात. टेप ठणठणीत असते. टारला वाचतानाही तोच बी आकडा द्या. चिठ्ठी हरवली असेल तर ड्राइव्ह बदलत्या ब्लॉकवर ठेवून डीडीला बीएस २ एम आणि काउंट १ सांगा आणि आउटपुट एका फाइलमध्ये घ्या. त्या फाइलचा आकार म्हणजे टेपवरचा ब्लॉक. त्याला ५१२ ने भागा, टेप गुंडाळून पहिल्या जागी आणा आणि आलेला आकडा टारला द्या.